पुरळ, गोळ्या आणि तारखांचा कागद

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या गालात कळा यायला लागल्या. वीज चमकावी तशी कळ यायची, काही क्षणांत जायची आणि दात घासताना, तोंडावर पाणी मारताना, कधी नुसत्या पंख्याच्या वाऱ्याने परत यायची. मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर बोलणं हेच माझं काम. मुलांना कविता म्हणून दाखवताना अर्ध्यावर गाल धरून थांबायचं म्हणजे काय, ते ज्याला होतं त्यालाच कळतं.

दाढेचं दुखणं असेल म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. हिरडी थोडी सुजलेली होती. त्यांनी अमोक्सिसिलीन या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला आणि दुखलं तर घ्यायला आयबुप्रोफेन. सूज उतरली, कळा तशाच राहिल्या. तेव्हा त्यांनीच सांगितलं की हे दाताचं नाही, नसेचं असावं, पणजीला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तिथे निदान झालं ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मुख्य संवेदी नसेचं दुखणं. त्यावर पहिलं औषध म्हणून जगभर देतात ती गोळी कार्बामाझेपीनची. ती आकडीवरही देतात. छोट्या मात्रेने सुरू करायची आणि हळूहळू वाढवायची असं ठरलं. चिठ्ठी देताना त्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं, ते मी आज ज्याला त्याला सांगते: "अंगावर काहीही उठलं, तर पुढची गोळी घेण्याआधी मला फोन करायचा."

गोळीचा गुण इतका लवकर आला की मला रडू आलं. दोन-तीन दिवसांत कळा थांबल्या. श्रावणातली गोष्ट. नारळी पौर्णिमेनंतर लगेचच मी वर्गात पूर्ण कविता न थांबता म्हटली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांनाही माझं गाल धरणं पाठ झालं होतं.

गोकुळाष्टमीनंतर अंग खाजायला लागलं. आधी पाठ आणि पोट. लालसर बारीक ठिपके, काही सपाट, काही किंचित वर आलेले. रात्री घामोळं वाटलं, कारण पावसाळ्यात आमच्याकडे कपडे धड वाळत नाहीत आणि दमट कपड्यांनी घामोळं येतंच. सकाळी बघते तर छाती, दंड, मांड्या, सगळीकडे. ठिपके एकमेकांत मिसळून चट्टे झालेले. अंगात थोडी कणकण.

घरात ज्याने त्याने आपापलं कारण शोधलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, हे गोवरासारखं दिसतं." जाऊबाईंचा संशय अळम्यांवर, म्हणजे पावसाळी अळंब्यांवर. श्रावणात आमच्या घरी मासळी शिजत नाही, त्यामुळे सुंगटं आणि कुर्ल्या आपोआप सुटल्या. पण रानातली अळमी आदल्या रविवारी आणली होती आणि ती सगळ्यांनी खाल्ली होती. ह्यांना वाटलं सुरवंट. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की घराभोवतीचं रान काढावं लागतं आणि मी त्या आठवड्यात अंगणात वाकून गवत उपटलं होतं. शेजारच्या काकूंनी आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला लावायला सांगितलं. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे हाच पहिला उपाय. मी लावलं, थंड वाटलं, खाज तेवढ्यापुरती कमी झाली. त्या सगळ्यांच्या काळजीबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण सकाळची गोळी हातात घेतली आणि पणजीच्या डॉक्टरांचं वाक्य आठवलं. गोळी परत पाकिटात ठेवली आणि फोन लावला.

त्यांनी फोनवर विचारलेले प्रश्न मी इथे मुद्दाम लिहिते, कारण धोका कुठे आहे ते या प्रश्नांत आहे. ताप किती आहे? डोळे लाल झालेत का, चुरचुरतात का? तोंडात, ओठांवर किंवा लघवीच्या जागी फोड किंवा सोलल्यासारखं काही आहे का? कातडी खाजते, की दुखते? कुठे पाणी भरलेला फोड आहे का, कातडी सुटते आहे का? चेहरा सुजलाय का? मानेत, काखेत गाठी लागतात का? श्वास घ्यायला त्रास, घसा आवळल्यासारखं, चक्कर? मी आरशासमोर उभी राहून एकेक तपासत उत्तर देत होते. ताप थोडा, बाकी काही नाही. ते म्हणाले, "गोळी आजपासून बंद. जवळच्या डॉक्टरांना लगेच दाखवा आणि उद्या बांबोळीला त्वचारोग विभागात जा. यातलं एकही लक्षण रात्री दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून थेट इस्पितळ गाठायचं."

गावातल्या आमच्या डॉक्टरांनी आधी ताप बघितला आणि डेंग्यूची तपासणी करायला सांगितली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. गोव्यात पावसाळ्यात ताप आणि अंगावर लाल पुरळ म्हटलं की डेंग्यूचा विचार करावाच लागतो, आणि फक्त गोळीवर बोट ठेवून डेंग्यू निसटला तर ते महागात पडतं. त्यांनी रक्त घेतलं, त्यातच पांढऱ्या पेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या सांगितल्या. खाजेसाठी लिव्होसेटिरिझिन दिलं आणि बजावलं, की आयबुप्रोफेन किंवा दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी आता स्वतःहून घ्यायची नाही, कारण पुरळ आणणाऱ्या औषधांत तीही असतात.

ती रात्र अवघड गेली. खाज होतीच, पण जास्त त्रास माहितीचा झाला. फोनवर शोधल्यावर सगळ्यात भयानक फोटो सर्वांत आधी येतात. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली ताप, तोंडात व्रण आणि डोळ्यांचा तीव्र दाह झालेल्या दोन मुलांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात कातडीचा वरचा थर मरतो आणि सुटायला लागतो. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी भागावर सुटली तर हे नाव, तीस टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. हा आजार फार क्वचित होतो, पण जीवघेणा आहे आणि कार्बामाझेपीन त्याच्या ओळखीच्या कारणांपैकी एक. ह्यांनी शेवटी फोन काढून घेतला आणि टॉर्च घेऊन दर दोन-तीन तासांनी माझं तोंड आणि डोळे बघत बसले. अशा वेळी घरातल्या माणसाने करण्यासारखी सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच होती, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात गेलो. केस पेपर काढला, रांगेत बसलो. माझ्या बाजूला साखळीकडची एक बाई बसली होती. तिच्या खालच्या ओठावर आणि मनगटावर एकेक गोल काळपट डाग होता. ती म्हणाली, जुलाबाची गोळी घेतली की बरोबर त्याच दोन जागा लाल होतात, जळजळतात आणि नंतर आणखी काळ्या पडतात. पुढे डॉक्टरांकडून कळलं की हाही औषधाच्या अॅलर्जीचाच एक प्रकार. दर वेळी तीच जागा, हीच त्याची खूण. जुलाबावर आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या जोडगोळ्यांतली अँटिबायोटिकं, सल्फाची औषधं आणि वेदनाशामकं यांनी तो बऱ्याचदा होतो. तिला कोणीतरी हा डाग म्हणजे बुरशी असं सांगितलं होतं आणि ती मलम लावत राहिली होती. गोळी कोणती, ते नाव तिच्याकडे नव्हतं. फार्मसीवाल्याने पट्टीतून दोन कापून दिल्या होत्या आणि कापलेल्या तुकड्यावर नाव नव्हतं.

माझ्याकडे पाकिटं होती. आमच्या घरात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या टाकत नाहीत, सासऱ्यांच्या आजारपणापासूनची ती सवय आहे. डॉक्टर तरुण होत्या, कोकणीत बोलायला लागल्या आणि मी मराठीत उत्तर दिल्यावर सहज मराठीकडे वळल्या. त्यांनी पट्ट्या टेबलावर मांडल्या, माझी पाठ आणि पोट नीट पाहिलं, ठिपके काचेने दाबून बघितले, तोंडात बॅटरी मारली, पापण्या उलटून पाहिल्या, मानेतल्या गाठी चाचपल्या. मग कोरा कागद पुढे सरकवला. "गेल्या दोन महिन्यांत पोटात किंवा अंगावर जे जे गेलं ते सगळं तारखेसह लिहा. गोळी, इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक काढा, जीवनसत्त्वं, टॉनिक, मलम, उसनी घेतलेली डोकेदुखीची गोळीसुद्धा. प्रत्येकाची पहिली तारीख आणि शेवटची तारीख."

मला वाटलं होतं रक्ताच्या तपासणीतून औषध सापडेल. त्यांनी सांगितलं की तशी चाचणी नाही. इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या दिसू शकतात, पण त्या कोणत्या औषधाने वाढल्या हे रक्त सांगत नाही. ते शोधायचं तारखांतून.

मी तारखा सांगताना सणांवर सांगत होते, कारण मला तशाच आठवतात. नागपंचमीला दाताची गोळी सुरू झाली, कारण त्या दिवशी मी पातोळ्या करताना गाल शेकत होते. पाच दिवसांत कोर्स संपला. नारळी पौर्णिमेला नसेची गोळी सुरू. पुरळ अष्टमीनंतर. ह्यांनी घरी फोन केला आणि सासूबाईंनी कालनिर्णयावरून इंग्रजी तारखा वाचून दाखवल्या. दुधाचा हिशेब आणि गॅसच्या नोंदीशेजारी माझ्या दवाखान्याच्या फेऱ्याही त्यांनी पेन्सिलने लिहून ठेवल्या होत्या. तो कागद पूर्ण झाला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उजळला.

त्यांनी ते असं समजावलं. औषधाने येणाऱ्या पुरळाचे दोन ढोबळ वेग असतात. एक झटपट: गोळी घेतल्यापासून काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, फुगीर, खूप खाजणाऱ्या, आणि एक गांध एका जागी चोवीस तासांपेक्षा जास्त टिकत नाही, इथे विरते आणि तिथे उठते. त्यासोबत ओठ-जीभ सुजणं, धाप, चक्कर आली तर ती अॅनाफिलॅक्सिस, आणि त्यावर पहिलं औषध मांडीत दिलेलं अॅड्रिनलिनचं इंजेक्शन. दुसरा उशिराचा: औषध पहिल्यांदाच घेतलेलं असेल तर साधारण चार ते चौदा दिवसांनी गोवरासारखं पुरळ, आधी धडावर, मग हातापायांवर, दोन्ही बाजूंना सारखं, आणि ते जागचं हलत नाही. शरीरातल्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, औषधाची ओळख व्हायला तेवढे दिवस लागतात. तेच औषध दुसऱ्यांदा दिलं तर मात्र ते एक-दोन दिवसांतही उठतं.

मग त्यांनी पेन्सिलने एकेक नाव खोडायला सुरुवात केली. अळमी आणि गवत आधी गेलं. अळमी घरातल्या सगळ्यांनी खाल्ली होती, कोणाला काही नाही. गवताने किंवा सुरवंटाने झालं असतं तर हात, मनगट, मान, म्हणजे उघड्या जागी आधी आलं असतं. माझं आधी साडीखाली झाकलेल्या पोटापाठीवर आलं होतं. डेंग्यूची तपासणी नकारात्मक होती आणि प्लेटलेट्स व्यवस्थित होते. मग अमोक्सिसिलीन. ते सुरू होऊन जवळपास तीन आठवडे आणि बंद होऊन दोन आठवडे झाले होते. कोर्स संपल्यानंतरही काही दिवसांत त्याचं पुरळ येऊ शकतं, पण इतक्या उशिरा येणं संभवत नाही, शिवाय मी ते पूर्वी अनेकदा घेतलेलं. आयबुप्रोफेन वर्षानुवर्षं मधूनमधून घेत आलेली. कार्बामाझेपीन आयुष्यात पहिल्यांदा, आणि सुरू होऊन आठवडा उलटून गेल्यावर पुरळ. कागदावर तेवढंच एक नाव उरलं.

अमोक्सिसिलीन खोडताना त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "हे नाव खोडणंसुद्धा तितकंच महत्त्वाचं." माझ्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं. अमोक्सिसिलीन पेनिसिलीन गटातलं, आणि त्या गटाची अॅलर्जी आहे असा शिक्का एकदा बसला की तो जन्मभर राहतो. मग न्यूमोनिया असो, बाळंतपण असो, डॉक्टर दुसरं, जास्त महाग आणि जास्त व्यापक अँटिबायोटिक देतात. परदेशांत अशा शिक्क्याच्या माणसांची नीट तपासणी केल्यावर दहातल्या नऊ जणांना खरी अॅलर्जी नसल्याचं दिसून आलं आहे. लहानपणी विषाणूच्या तापात पुरळ उठलं, तेव्हा योगायोगाने अमोक्सिसिलीन चालू होतं, दोष औषधाला लागला, अशी पुष्कळ उदाहरणं असतात. माझ्या बाबतीत घाईने "दोन्ही बंद" असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

रक्ताचे रिपोर्ट आले. इओसिनोफिल किंचित वाढलेले, यकृत ठीक. तरी आठवड्याने पुन्हा तपासायचं ठरलं. कारण आकडीच्या औषधांनी एक वेगळाही प्रकार होतो, ज्याला डॉक्टर ड्रेस म्हणतात. तो औषध सुरू झाल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत कधीही उभा राहतो, त्यात ताप चढतो, चेहरा सुजतो, गाठी येतात आणि यकृतासारखा आतला अवयव दुखावतो. कातडी सुधारताना दिसली तरी आतलं बिघडत नाही ना, यासाठी ती दुसरी तपासणी. पुरळ जातंय म्हणून ती चुकवू नये, इतकं त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर पुरळ आणखी वाढलं. गोळी बंद होऊनही ते पावलांपर्यंत उतरलं. मी घाबरून पुन्हा फोन केला. औषध शरीरातून जाऊन प्रतिक्रिया थंड व्हायला वेळ लागतो, पहिले काही दिवस ते वाढू शकतं, धोक्याची लक्षणं नाहीत ना तेवढं बघत राहा, असं उत्तर मिळालं. अंगाला स्टेरॉइडचं मलम, त्यावर साधं मॉइश्चरायझर, सैल सुती कपडे, कोमट पाणी, साबण कमी. चवथीच्या आधीचा तो आठवडा. घरात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांच्या सजावटीचं, सामान येत होतं, ह्यांचे काका कांगलं आणि माट्टी घेऊन आले होते, आणि मी खोलीत पंख्याखाली बसून नेवऱ्यांच्या सारणाचा वास घेत होते. तळणीजवळच्या उष्णतेने खाज भडकायची म्हणून जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. आरतीच्या वेळेपर्यंत लाल रंग विटकरी झाला होता, मग तपकिरी, आणि नंतर कोंड्यासारखी बारीक सालं निघाली. ती सालं निघताना मी पुन्हा घाबरले होते, पण ही बरी होणारी कातडी. फोड येऊन, दुखून, ओलसर मांस उघडं पडणं वेगळं. हे कोरडं आणि न दुखणारं होतं.

पण गालातल्या कळा परत आल्या. याचा विचार कोणी करत नाही म्हणून लिहिते. ज्या गोळीने मला बोलतं केलं तीच गेली होती, आणि पुरळ बरं होण्याचा आनंद आणि कळा परतण्याची धास्ती एकाच वेळी चालू होती. पणजीच्या डॉक्टरांनी पर्याय निवडताना सांगितलं की ऑक्सकार्बाझेपीन कार्बामाझेपीनची जवळची नातलग आहे, पहिलीने पुरळ आलेल्या बऱ्याच जणांना दुसरीनेही येतं, म्हणून ती नको. फेनिटोईन आणि फेनोबार्बिटोनसुद्धा रचनेने त्याच पठडीतली, तीही टाळायची. लॅमोट्रिजीनने स्वतःचंच पुरळ येऊ शकतं. त्यांनी गाबापेन्टिन दिलं. त्याने सुरुवातीला झोप येते, गुण हळू येतो, पण येतो. शाळा पुन्हा सुरू होईपर्यंत मी बऱ्यापैकी बोलू शकत होते.

मी त्यांना विचारलं, आधी कळू शकलं असतं का? ते म्हणाले, थोडंफार. स्टीव्हन्स-जॉन्सनचा धोका एचएलए-बी*१५:०२ या जनुकाशी जोडलेला आहे, हे तैवानमध्ये २००४ साली दाखवलं गेलं. त्यावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांत कार्बामाझेपीन सुरू करण्याआधी ही तपासणी सुचवली. पण हे जनुक दक्षिण-पूर्व आशियात आणि चीनमध्ये जास्त सापडतं, भारतात प्रदेशागणिक फरक आहे, आणि माझ्यासारखं साधं पुरळ त्या जनुकाशिवायही येतं. त्यामुळे तपासणी चांगली आली तरी "अंगावर उठलं तर फोन करा" हे वाक्य लागू राहतंच.

दुसऱ्या भेटीत बांबोळीच्या डॉक्टरांनी मला एक कार्ड लिहून दिलं. त्यावर ब्रँडचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव: कार्बामाझेपीन. कोणत्या प्रकारचं पुरळ, किती दिवसांनी आलं, टाळायची इतर नावं. आणि खाली वेगळ्या ओळीत: अमोक्सिसिलीनचा संबंध आढळला नाही. एकच औषध आपल्याकडे कितीतरी ब्रँडनावांनी विकलं जातं, त्यामुळे ब्रँड लक्षात ठेवून उपयोग नसतो. पट्टीवर बारीक अक्षरात असलेलं मूळ नावच बघायचं. फार्मसीत आता मी पट्टी कापून घ्यायची वेळ आली तर नाव, बॅच आणि मुदतीची तारीख असलेला भाग मागून घेते, किंवा फोनवर फोटो काढते. आमच्या फार्मसीवाल्याने कधी नकार दिलेला नाही.

त्याच भेटीत त्यांनी एक फॉर्म भरला. मला वाटलं इस्पितळाचा असेल. तो होता औषधाच्या संशयित दुष्परिणामाची नोंद करण्याचा. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, आणि देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या केंद्रांतून तिथे नोंदी जातात. तिथून त्या स्वीडनमधल्या उप्साला इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्रात पोचतात. थॅलिडोमाइडमुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर १९६८ साली ही जागतिक व्यवस्था उभी राहिली. कारण नवं औषध बाजारात येण्याआधी जेवढ्या लोकांवर तपासलेलं असतं, त्यांत क्वचित होणारे परिणाम दिसतच नाहीत. ते नंतर, आपल्यासारख्यांच्या नोंदींतूनच दिसतात.

फॉर्ममध्ये नाव पूर्ण लिहायचं नसतं, आद्याक्षरं पुरतात. वय, वजन, औषधाचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, मात्रा, सुरू-बंद तारखा, पुरळ कधी आलं, औषध थांबवल्यावर कमी झालं का, पुन्हा दिलं का, सोबतची इतर औषधं, रुग्णाची आताची स्थिती. माझा तारखांचा कागद जवळजवळ तसाच्या तसा त्यात उतरला. संबंध किती पक्का ते ठरवण्यासाठी दहा प्रश्नांचं एक मोजमाप असतं, १९८१ साली नारान्हो या डॉक्टरांनी केलेलं. माझं प्रकरण "बहुधा" या पायरीवर आलं. "निश्चित" म्हणायला औषध पुन्हा देऊन बघावं लागलं असतं, आणि ते कार्बामाझेपीनच्या बाबतीत कोणी करणार नाही, करूही नये. पाठीवर पट्टी लावून करायची पॅच चाचणी असते, पण ती नकारात्मक आली तरी औषध निर्दोष ठरत नाही, म्हणून आम्ही ती केली नाही.

ही नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं आणि मी विचारलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. ग्राहकांसाठी वेगळा सोपा फॉर्म आहे आणि १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, कामाच्या दिवशी दिवसा चालतो. नोंद केली म्हणजे डॉक्टरांची तक्रार केली असं होत नाही. माझ्या दोन्ही डॉक्टरांनी सगळं बरोबर केलं होतं आणि तरीही नोंद झाली, कारण ती औषधाची नोंद आहे. शाळेतल्या शिक्षकखोलीत मी तो क्रमांक फळ्यावर लिहून ठेवला आहे.

एक काम राहिलं होतं. अशा औषधांची प्रतिक्रिया सख्ख्या भावंडांत येण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून त्यांना सांगून ठेवा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. माझा भाऊ सावंतवाडीला असतो आणि त्याच्या मुलीला आकडीसाठी हीच गोळी चालू आहे. फोनवर मी नाव घेतलं आणि पलीकडे वहिनीच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. "आजपासून बंद करू का?" हा तिचा पहिला प्रश्न. मी हे आधीच विचारून ठेवलं होतं. ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येते. मुलगी कितीतरी दिवस गोळी घेते आहे आणि तिला काही झालेलं नाही, तेव्हा तिचा धोका फार कमी. उलट आकडीची गोळी अचानक थांबवली तर आकड्या थांबेनाशा होऊ शकतात. "एकही गोळी चुकवायची नाही," मी भावाला सांगितलं, "पुढच्या भेटीत डॉक्टरांना माझ्याबद्दल सांग, आणि तुला स्वतःला कधी हे औषध कोणी दिलं तर माझं नाव घे." भावाने ते लिहून घेतलं.

मेमध्ये दाढ पुन्हा सुजली. दातांच्या डॉक्टरांना कार्ड दाखवलं. त्यांनी खालची ओळ वाचली, तरी खात्रीसाठी अमोक्सिसिलीनची पहिली मात्रा मला दवाखान्यातच दिली आणि बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. काही झालं नाही. पुढचा पंधरवडा मी रोज आंघोळीनंतर पोट आणि पाठ आरशात बघत होते, कारण उशिराचं पुरळ दवाखान्याच्या बाकावर दिसत नाही. तेव्हाही काही आलं नाही. ती तारीखही मी त्याच कागदावर खाली लिहिली आहे.